चुकांची वही

माझ्या आयुष्यातल्या चुकांची बेरीज चार हजार नऊशे सहा. गाण्यातल्या म्हणते आहे. बाकीच्या चुका मोजायला मी बसले नाही, आणि ज्यांनी त्या मोजल्या असतील त्या माझ्या सासूबाई आता नाहीत.

हा आकडा अंदाजाचा नाही. २००६ साली, बावीस वर्षांची असताना, मी सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गायला लागले तेव्हापासून वही ठेवली आहे. एका ओळीत एक कार्यक्रम. तारीख, गाव, निमित्त, किती गाणी, पट्टी कोणती, आणि शेवटच्या रकान्यात चुका. समासात किरकोळ नोंदी असतात: कोणत्या गाण्याला नवरीचा काका उठून गेला, कोणत्या गाण्याला नवरदेवाचा बाप ढसाढसा रडला, आणि नेमक्या त्याच गाण्याला दुसऱ्या लग्नात कोण कोण जांभया देत होतं. लोक गाण्याबद्दल काय बोलतात त्यावर माझा विश्वास नाही. ते कधी उठतात, कधी पाणी मागतात, कधी चपला शोधायला लागतात, त्यावर आहे.

चुकांचा रकाना मात्र माझ्या अक्षरात असला तरी माझ्या मताने भरलेला नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांमधून ऐकू येतो, तो नेहमी आहे त्याहून बरा वाटतो. म्हणून तो आकडा गड्डम सांगायचे.

अंबादास गड्डम, राहणार अशोक चौक. ऑर्केस्ट्रात की-बोर्ड, घरी पेटी. वडील यंत्रमागावर. शंभर मागांच्या खडखडाटात एक धागा तुटला तर वडिलांना म्हणे बसल्या जागी कळायचं. मुलाला सूर तुटलेला कळायचा. कळल्यावर तो असा चेहरा करायचा की पहिल्या रांगेतल्या बायका माझ्याकडे संशयाने बघायच्या. पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हटलं, "गड्डम, तोंड वाकडं करू नका. मला एकटीला दिसेल अशी काहीतरी खूण करा."

"करंगळी उचलतो की," ते म्हणाले. "वाजवताना ती तशीही रिकामीच असते."

तेव्हापासून ठरलं. चूक झाली की पट्ट्यांवरून करंगळी वर. एकदा एका बारशाच्या कार्यक्रमात माझा घसा बसला होता, करंगळी सारखी वर-खाली होत होती, तर बाळाच्या मामांनी गाणं थांबवून माइकवरून जाहीर केलं, "की-बोर्डवाल्यांना जरा जाऊन येऊ द्या, कधीचे विचारतायत बिचारे." गड्डम मुकाट्याने उठून जाऊन आले. परत येऊन म्हणाले, "सात झाल्या बाई, मी जाईपर्यंत."

कार्यक्रम संपला की चहा, आणि चहाबरोबर हिशेब. "पाच. दुसऱ्या कडव्यात तीन, एक शेवटच्या आलापात, एक कुठंय ते तुम्हाला माहीत आहे." चौतीस वर्षांत त्यांनी कधी 'छान' म्हटलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "छान म्हणायला अख्खं सोलापूर बसलंय की. मी कशाला?"

चांगलं म्हणणारी माणसं मी हजारांनी पाहिली. चूक सांगणारा एकच होता, आणि तो माझा होता.

*

गाणं बदलतं ते गाणारे बदलतात म्हणून नव्हे, हे मला फार उशिरा समजलं. तबकडीवर तीन मिनिटंच मावायची, म्हणून गाणं तीन मिनिटांचं झालं. माइक आला आणि कानात कुजबुजल्यासारखं गाता येऊ लागलं. त्याआधी कुजबुजणाऱ्याला कुणी गायक म्हटलं नसतं. कॅसेट आली आणि गल्लीगल्लीतली गाणी टपरीवर वाजू लागली. माझ्या उमेदीच्या काळात स्टुडिओतलं यंत्र सूर सरळ करायला लागलं. मग बेसूर कुणी राहिलंच नाही आणि सुरेल असण्याची ऐट गेली. पुढे मोबाइलवर लोक सात सेकंदांत गाणं सरकवायला लागले, तेव्हा आमच्या गाण्यांच्या सुरुवातीचे वाद्यमेळ एका वर्षात मेले. मी वहीत त्यांची तारीखसुद्धा लिहून ठेवली आहे.

आणि २०३८ साली शिंपला आला.

कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण तो दिसायचा शिंपल्यासारखा, म्हणून लोक शिंपलाच म्हणायचे. कानात बसवायचा. त्याचं शास्त्र मला समजावलं मोहोळकर सरांनी. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि कुणीही दोन मिनिटं उभा राहिला की त्याचा वर्ग करणारे.

"हेमाताई, माणूस गाणं कानाने ऐकतो हा गैरसमज आहे. तो अंदाजाने ऐकतो. पुढचा सूर यायच्या आधीच मेंदूने तो गृहीत धरलेला असतो. अंदाज बरोबर आला तर समाधान. किंचित चुकला तर मजा. फारच चुकला तर आपण तोंड वाकडं करतो."

"गड्डम करायचे."

"हां. तर ही जी मेंदूची कुरकुर आहे, तिच्या अतिशय बारीक विजेच्या लहरी कानाच्या आतल्या कातडीपर्यंत येतात. शिंपल्याची आतली बाजू त्या टिपते. बाहेरच्या बाजूला माइक. बाहेरचा आवाज आत सोडायच्या आधी तो सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका धरून ठेवतो, आणि तेवढ्यात तुम्हाला हवा होता तिकडे ओढून घेतो. आठवडाभर वापरला की कोणत्या आवाजाने तुम्ही फुलता हे त्याला पाठ होतं. मग समोर कुणीही गाऊ दे, तुमच्या कानात तुमच्या आवडीचाच आवाज."

"म्हणजे पाचशे माणसं बसली तर?"

"पाचशे गाणी. फक्त लय हलवत नाहीत, नाहीतर टाळ्या विस्कटतील." जाहिरातच होती तशी: ताल सगळ्यांचा, सूर ज्याचा त्याचा.

शिंपला दोन तऱ्हांनी चालायचा. नुसता आवाज मोठा करायचा तर 'कोरा', ओढाताण करायची तर 'रंगीत'. कोरा ठेवणारे बहुतेक बहिरे होते. बाकी गाव रंगीत.

दोन-तीन वर्षांत गाण्याची जातच बदलली. ऐकणाऱ्याचा कान सगळं भरून काढतो म्हटल्यावर नव्या संगीतकारांनी भरायचं सोडून दिलं. त्याला 'मोकळी चाल' म्हणू लागले. तीन-चार सुरांचा सांगाडा, नवीन गायक तो किराणा सामानाची यादी वाचावी तसा गाणार, आणि समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत पाणी. गाण्यावरून भांडणं संपली, कारण दोघांनी एकच गाणं ऐकलेलं नसायचं. माझ्या वहीचे समास ओस पडले. कुणी उठेना, जांभई देईना, चप्पल शोधेना. सगळे सगळ्या गाण्यांना सारखेच खूश. इतकी खूश माणसं बघून मला भीती वाटायची.

पण माझ्यापुरती मी निश्चिंत होते. माझ्याकडे गड्डम होते.

*

२०४० च्या फेब्रुवारीत गड्डमना शिंपला घ्यावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीचं ऐकणं गेलं आहे. नुसत्या कानाने त्यांना ढोलकीची घुमणारी डावी बाजू ऐकू यायची, पुरुषांचं बोलणं ऐकू यायचं. बायकांच्या आवाजातला वरचा सा आला की समोर नुसता हलणारा ओठ.

त्यांनी मला अशोक चौकातल्या घरी बोलावलं, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मार्कंडेयाची शपथ बाई. कोरा ठेवलाय. ऐकू येण्यापुरता. तुमच्या चुका मोजायला मी जिवंत आहे."

मी त्या दिवशीच्या पानावर लिहिलं: गड्डम यांना शिंपला. कोरा. त्यांच्या घरी शेंगापोळी.

नंतरची सहा वर्षं चांगली गेली. आयुष्यात पहिल्यांदा करंगळी खाली राहायला लागली. चहाच्या वेळी ते म्हणायचे, "शून्य." मी म्हणायचे, "नीट ऐकलंत ना?" ते म्हणायचे, "वयाबरोबर मुरलात बाई." मीही मान डोलवायचे. छप्पन्न वर्षांच्या बाईला मुरलात म्हटलं की ती फार चौकशी करत नाही.

*

मोहोळकर सरांनी 'कोरा कान मंडळ' काढलं ते या वर्षी, २०४६ मध्ये. सभासद एकशे बारा. त्यांचं म्हणणं, जुन्यासारखी एक मैफल व्हावी, शिंपले दारात काढून. चपला ठेवतात तसं टोकन घ्यायचं, शिंपला ताम्हनात ठेवायचा आणि नागड्या कानाने आत यायचं. गाणार मी, साथ गड्डम. माझी चाळीस वर्षं.

"ताई, लोकांना खरं गाणं हवं आहे," सर म्हणाले. "तुम्ही तयार आहात ना?"

"गड्डमना विचारते," मी म्हटलं.

"एकदम तयार," गड्डम म्हणाले.

पत्रिकेवर छापायला सरांना माझे आकडे हवे होते. किती कार्यक्रम, किती गाणी. मी म्हटलं चुकाही छापा, लोकांना गंमत वाटेल. एका दुपारी बेरजा करायला बसले. २००६ पासून फेब्रुवारी २०४० पर्यंत एक हजार तीनशे बारा कार्यक्रम, चुका चार हजार नऊशे सहा. कार्यक्रमामागे चारच्या आत, वाईट नाही. पुढचं पान उलटलं. पुढे एकशे त्रेचाळीस कार्यक्रम. चुका शून्य.

कमी होत होत शून्य झाल्या असत्या तर मी मुरले असं म्हटलं असतं. पण कालपर्यंत चार आणि आजपासून शून्य? माणूस असा मुरत नाही. लोणचंसुद्धा मुरत नाही. पहिला शून्य बार्शीचा. त्याच्या दहा दिवस आधीची ओळ: गड्डम यांना शिंपला. कोरा. त्यांच्या घरी शेंगापोळी.

मी वही मिटली आणि स्वतःला म्हटलं, हेमलता फुलारी, तू दुसऱ्यांच्या जांभया मोजत बसलीस.

*

दुसऱ्या दिवशी तालीम होती. ठेवणीतलं गाणं काढलं. 'पल्याडच्या त्या दिव्यास माझी ओळख सांगा कोणी.' २०१२ साली मी अठ्ठावीस वर्षांची असताना ते गाजलं होतं, चाल गड्डमची. 'कोणी' शब्दावर आवाज वरच्या सा ला जाऊन तिथेच थांबतो, आणि अख्खं गाणं त्या एका जागेवर उभं आहे.

पहिलं कडवं नेहमीसारखं गायले. दुसऱ्या कडव्यात शुद्ध गंधाराच्या जागी मुद्दाम कोमल लावला. चार वेळा. गाण्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसानेही मान वर करून बघावं, इतकी ढळढळीत चूक. गड्डमची करंगळी पट्टीवर झोपलेली. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असा आनंद की मला क्षणभर लाज वाटली, आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो की काय.

चहा आला.

"किती?" मी विचारलं.

"शून्य की. आज तर लोणी."

"दुसरं कडवं?"

"दुसरं सगळ्यात छान."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

"दुसऱ्या कडव्यात मी चार जागी खोटी गायले, गड्डम. मुद्दाम."

त्यांनी कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा सांडला, तो त्यांनी रुमालाने पुसला, मग बशीची खालची बाजूही पुसली. नाही म्हणाले नाहीत, एवढं मात्र त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

"किती दिवस कोरा होता?"

"नऊ."

"नवरात्र पाळलंत म्हणजे."

"दहाव्या दिवशी बार्शीचा कार्यक्रम होता बाई. शिंपल्याआधी मला कमी ऐकू येत होतं, म्हणून कळलं नव्हतं. तालमीत त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ ऐकलं. वरचा सा फाटत होता. श्वास शब्दाच्या मधेच तुटत होता. चौदा झाल्या असत्या त्या दिवशी. चौदा! कितींदा करंगळी उचलू?"

"चौदांदा."

"उचलली असती तर तुम्ही गाणं सोडलं असतं."

"ते मी ठरवलं असतं ना! किंवा घासून नीट केलं असतं. छप्पन्न वर्षांची होते मी, ऐंशीची नव्हे. सहा वर्षं मी त्या चुका पक्क्या करत बसले, गड्डम. रोज सकाळी उठून रियाज करून पक्क्या केल्या!"

"आणि माझं काय?" ते एकदम म्हणाले. "तुम्ही सोडलं असतं तर मी कुणाला वाजवणार होतो? त्या मोकळ्या चालीवाल्या पोरांना? रंगीत केला, एकदाच बघू म्हणून. आणि तुम्ही आलात बाई. दोन हजार बाराच्या. तशाच्या तशा. मी काय करायला हवं होतं, तुम्हाला हाकलून द्यायचं?"

मला ते कळायला थोडा वेळ लागला. शिंपला ज्या आवाजाने माणूस फुलतो तिकडे ओढतो. गड्डम कोणत्या आवाजाने फुलायचे, हे विचारायची मला चाळीस वर्षांत गरज पडली नव्हती.

"गातानाच, की बोलतानाही?"

त्यांनी रुमालाची घडी घातली.

"आत्ता जी बाई तुमच्यावर ओरडते आहे, ती किती वर्षांची आहे?"

"अठ्ठावीस," गड्डम बशीकडे बघून म्हणाले.

मी उठले. दारात ते म्हणाले, "मी काय वेगळं केलं? अख्खं गाव रंगीतच ऐकतं की."

"अख्ख्या गावाने माझ्यासमोर शपथ घेतली नव्हती."

*

घरी ऑर्केस्ट्राच्या पेटाऱ्यात एक जुना रेकॉर्डर होता. नुसता आवाज साठवायचा आणि वायरच्या स्पीकरवर जसाच्या तसा परत द्यायचा, इतकाच त्याचा उद्योग. हल्लीचं कुठलंही यंत्र वाजवतानाच रंग चढवतं. याला कान नव्हता. मी त्याच्यासमोर ते गाणं गायले आणि ऐकलं.

आधी वाटलं, कुणा दुसरीचं लागलं. मग ओळख पटली, जशी एखाद्या दुकानाच्या काचेत दिसणारी दमलेली बाई आपणच आहोत हे दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं तशी. आवाज म्हातारा झाला होता, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तो बेशिस्त झाला होता. सहा वर्षं कुणी तण काढलं नाही की शेताचं होतं तसं.

एका गाण्यात एकतीस चुका. वहीत नवं पान घातलं आणि पहिल्यांदा रकाना माझ्या मताने भरला.

मैफलीला अकरा दिवस होते. गायचं, ऐकायचं, खूण करायची, परत गायचं. पट्टी दीड स्वराने उतरवली. श्वासाच्या जागा बदलल्या. पाचव्या दिवशी सतरा. आठव्या दिवशी सहा. 'कोणी'चा सा सगळ्यात हट्टी होता, पण शेवटचे चार दिवस मी तो चाळीस वेळा लावला आणि चाळीसही वेळा तो जागेवर लागला. आवाज तरुण नव्हता, पण खरा होता. मी रेकॉर्डर बंद केला आणि बऱ्याच वर्षांनी मला कुणाकडून तरी 'छान' ऐकावंसं वाटलं. खोलीत कुणी नव्हतं.

दहाव्या दिवशी गड्डमचा फोन आला. "येऊ की नको?"

हाताने पेटी वाजवून चालीला धरून राहणारा दुसरा माणूस आता जिल्ह्यात नव्हता. "या," मी म्हटलं. "शिंपला ताम्हनात ठेवून या. पट्टी उतरवली आहे."

"मग मला वरचं काही ऐकू यायचं नाही."

"हात चालवा. चाली तुमच्याच आहेत."

फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "बाई, या वेळी नीट सांगतो. शपथ घेत नाही. पण सांगतो."

ते काय सांगणार, हे मी विचारलं नाही. तिथेच विचारायला हवं होतं.

*

रविवारी दुपारी चार वाजता विणकर सभागृहात एकशे बारा माणसं शिंपले काढून बसली. मोहोळकर सरांनी प्रास्ताविक केलं, त्यात 'सत्य' हा शब्द अकरा वेळा आला. मी गायला लागले.

लोकांचे चेहरे मी सहा वर्षांनी असे हलताना पाहिले. पहिल्या गाण्याला तिसऱ्या रांगेत कपाळाला आठी. दुसऱ्याला एकजण उठला. मला मनातून इतका आनंद झाला की विचारू नका. समास पुन्हा भरणार! मग उठलेला माणूस परत आला, आणि शेजारच्याच्या कानात काही बोलला, आणि शेजारचा उठला. परतणाऱ्यांच्या हातात टोकन नसायचं आणि चेहऱ्यावर आठी नसायची. पाच गाणी होईपर्यंत पंचेचाळीस माणसं 'पाणी पिऊन' आली. सेहेचाळिसावे मोहोळकर सर. एप्रिलच्या सोलापुरात कानाला उपरणं गुंडाळून परत आले आणि पहिल्या रांगेत बसून 'वा' म्हणू लागले.

राहू दे. ज्यांनी मला काही वचन दिलं नाही त्यांनी मला फसवलं नाही. मी फक्त एका करंगळीकडे बघत होते.

गड्डमचे कान रिकामे होते. ते हात सवयीने चालवत होते, डोळे माझ्या ओठांवर. शेवटचं गाणं आलं. 'पल्याडच्या त्या दिव्यास माझी ओळख सांगा...' आणि 'कोणी'. सा लागला. एकेचाळिसावी वेळ. इतका नेमका लागला की तंबोऱ्याची तार आपोआप थरथरली.

गड्डमनी करंगळी उचलली.

माझं काळीज लख्ख झालं. सांगते, लाज काय, त्या एका क्षणात मी सगळं माफ केलं. सहा वर्षांनी ती करंगळी! चुकले का मी? कुठे चुकले? आणि पुढच्या श्वासात, गाणं चालू असतानाच, डोक्यातली वही उघडली गेली. सा चुकला नव्हता. आणि चुकला असता तरी, पट्टी उतरवूनही, हा सा रिकाम्या कानांनी गड्डमना ऐकू येणार नव्हता.

खात्री करायची माझी खोड जात नाही. दुसऱ्या कडव्यात मी कोमल गंधार लावला. एकदा, मग परत एकदा. उरलेल्या सहासष्ट जणांपैकी ज्यांचे कान अजून रिकामे होते त्यांनी दचकून वर बघितलं. गड्डमची करंगळी पट्टीवर झोपलेलीच होती. ते माझ्याकडे बघून हसले, एखाद्याची उसनी वस्तू वेळेवर परत केल्यासारखं.

कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत चहा आला.

"किती?" मी विचारलं. माझे ओठ त्यांनी वाचले.

"एक, बाई," गड्डम म्हणाले. डोळ्यांत पाणी. "वरचा सा. किंचित उतरला. बघा, म्हटलं होतं ना सांगतो म्हणून."

मी वही काढली. तारीख, विणकर सभागृह, गाणी आठ. चुका: दोन, दोन्ही मुद्दाम. त्याखाली समासात लिहिलं: एक सांगितली, ती झाली नव्हती.

गड्डमनी टोकन देऊन शिंपला परत आणला, कानात नीट बसवला, आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. घरी परतलेल्या माणसासारखा. "बोला की बाई काहीतरी," ते म्हणाले. "कधीच्या गप्प आहात."

बोलले असते तर त्यांच्या कानात उत्तर त्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईनेच दिलं असतं. म्हणून मी बोलले नाही. वही पिशवीत घातली, त्यांच्यासमोर हात धरला आणि करंगळी वर केली.

गड्डमना कळलं. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

मोहोळकर सर उपरणं सोडत आत येत होते. माझी करंगळी बघून ते अदबीने बाजूला झाले आणि म्हणाले, "बाहेर पडून उजवीकडे, हेमाताई."

मी बाहेर पडले आणि डावीकडे वळले, रस्त्याच्या बाजूला.